रेवडीचं बाळंतपण

"आधी हात दाखवा," आवळे सिस्टर म्हणाल्या.

दादांनी माझ्याकडे बघितलं. माझे सासरे जन्मभर एस.टी.त कंडक्टर होते. लोकांना तिकीट दाखवा म्हणायची त्यांना सवय. त्यांनाच कुणी काही दाखवा म्हणण्याचा प्रसंग बहुधा पहिलाच. पण सिस्टर जाळीच्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि फाटकाजवळच्या नळावर साबणाची वडी मांडून ठेवलेली होती. दादांनी मुकाट्यानं हात धुतले, तळवे उलटेपालटे करून दाखवले, तेव्हा कुठं आम्हाला आत सोडण्यात आलं.

"आत पिल्लं आहेत," सिस्टर म्हणाल्या. "बाहेरचा रोग आत यायला नको. कलेक्टर आला तरी हात दाखवूनच आत येईल."

"कलेक्टर कशाला येतोय इथं," दादा माझ्या कानाशी पुटपुटले.

मी पदराखाली हसू दाबलं. माझ्या काखेत रेवडी होती, आमची पामेरियन कुत्री. पांढरी, गोल, हलकी, म्हणून रेवडी. कोल्हापूरच्या रस्त्यावर एक माणूस वेताच्या पाटीत पिल्लं घेऊन बसला होता, त्याच्याकडून मी हिला आणि हिच्या बहिणीला आणलं होतं. दोघींचे डोळे नुकते उघडले होते. आईपासून इतक्या लवकर पिल्लं तोडतात हे मला तेव्हा कुठलं माहीत असायला. बहीण आठवडाभरात गेली, हागवणीनं. रेवडीला दादांनी कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून जगवली. तेव्हाच माझ्या मनानं घेतलं होतं की आपण पिल्लं वाढवायची, पण त्या पाटीवाल्यासारखी नाही. नीट शिकून. आणि सांगली-मिरजेत हे नीट कुणाला येतं असं विचारलं की जो तो एकच नाव सांगायचा.

आवळे सिस्टर दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. वानलेसवाडीला त्यांचं बैठं घर होतं, आणि घरात त्यांच्यापेक्षा कुत्र्यांना जागा जास्त. त्यांनी रेवडीला टेबलावर उभी केली, गुडघ्याच्या वाट्या चाचपल्या, दात पाहिले, कमरेच्या हाडांवर अंगठे ठेवून काहीतरी अंदाज घेतला. मग ही किती वेळा माजावर आली म्हणून विचारलं. एकदाच, असं मी सांगितल्यावर त्यांनी तिला उचलून परत माझ्या काखेत दिली.

"अजून स्वतःच पिल्लू आहे ही. पुढच्या वर्षी ये. आणि पिल्लं कुणाला देणार आहेस?"

लोक मागतात, असं मी म्हणाले.

"कोण लोक? नावं सांग."

मला एकही नाव सांगता येईना.

"आधी घरं शोधायची, मग पिल्लं," सिस्टर म्हणाल्या. "नाहीतर पिल्लं विकणारे पायलीला पन्नास आहेत. त्यात तुझी भर कशाला?"

परत येताना दादा रिक्षातून मागं वळून वळून बघत होते. विश्रामबाग आल्यावर म्हणाले, "वैजू, बाई आहे का फौजदार?" पण पुढच्या रविवारी मी निघाले तेव्हा तेच चपला घालून आधी दारात उभे.

वर्षभर आम्ही दर रविवारी वानलेसवाडीला गेलो. मी शिकत होते आणि दादा सिस्टरांच्या कुत्र्यांशी गप्पा मारत बसायचे. ज्या घरात दिवसभर कुणी नसतं तिथं पिल्लू द्यायचं नाही. दोन महिन्यांच्या आत आईपासून तोडायचं नाही. आणि ज्याला कुणाला पुढे सांभाळणं जमणार नाही त्यानं ते दुसऱ्याला न देता आपल्याकडे परत आणायचं, हे आधीच कबूल करून घ्यायचं. हा शेवटचा नियम दादांना फार आवडला. "म्हणजे माहेर," ते म्हणाले. "सासरी नाही जमलं तर परत या म्हणायचं. माणसांनी शिकावं हे."

आम्ही दोघं हसलो, पण ते लगेच उठून चपला शोधायला लागले. आमच्या बाहेरच्या खोलीत माझ्या नणंदेचा, निमाचा फोटो होता. मी या घरात येण्याच्या कितीतरी आधी ती गेली, सासरी, पहिल्या बाळंतपणात. एवढंच मला माहीत होतं. माझे यजमान पुण्याला नोकरीला, शनिवारी यायचे. त्यांनीसुद्धा कधी बहिणीचं नाव काढलं नाही. सासूबाई तर तो फोटो पुसताना मान फिरवून पुसायच्या, असं शेजारच्या काकूंनी मला सांगितलं होतं. सासूबाईही आता नव्हत्या. दिवसभर घरात दादा आणि रेवडी, आणि संध्याकाळी पतसंस्थेतून परत आलेली मी.

पुढल्या वर्षी सिस्टरांनी त्यांचा नर दिला आणि रेवडीला दिवस राहिले. मी सवयीनं गाभण म्हणाले तर दादांना ते खपलं नाही.

"गाभण म्हशी असतात. ही पोटुशी आहे. आणि पहिलं बाळंतपण माहेरी असतंय. हिचं माहेर म्हणजे आपण. तवा काय कमी पडायला नको."

मग त्यांनी जो थाट मांडला तो बघून गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावायला लागल्या. मागच्या अंधाऱ्या खोलीतलं धान्याचं पिंप हलवून तिथं लाकडी खोका ठेवला, त्यात सासूबाईंच्या मऊ झालेल्या लुगड्यांच्या घड्या घातल्या. खिडकीला पोतं लावलं. एक दिवस मला म्हणाले, शुक्रवार आहे, तिची ओटी भर. मी म्हणाले, दादा, तिला पदर नाही. तरी मी हिरव्या खणाचा तुकडा तिच्या गळ्यात बांधला आणि तिच्यापुढे खोबऱ्याची वाटी ठेवली. रेवडीनं खोबरं चाटलं आणि खण दातांनी ओढून काढला. दादा हसून हसून खाली बसले. इतकं हसताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतर तर नाहीच.

सिस्टरांचं मात्र सगळं मोजून मापून. नेहमीचं खाणं, शेवटी शेवटी थोडं जास्त, बस्स. "आणि कॅल्शियम द्यायचं नाही," त्यांनी मला बजावलं होतं. "ना गोळी, ना ते गुलाबी औषध. पोटात पिल्लं आहेत तोवर अजिबात नाही. व्याल्यावर मी सांगेन." मी घरी येऊन जेवताना दादांना सांगितलं. ते म्हणाले, असं कुठं असतंय, पोटुशीला तर ते आधी देतात. मी म्हणाले, सिस्टर सांगतात. ते थोडा वेळ भात चिवडत बसले आणि म्हणाले, बरं, तुझी सिस्टर म्हणेल तसं.

रेवडीला दिवस राहिले त्याच सुमारास दादा मागच्या पायरीवरून घसरले आणि त्यांच्या डाव्या हाताचं मनगट मोडलं. प्लास्टर झालं. हाड भरायला म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या संपत आल्या की कामावरून येताना मी नवं पाकीट आणायची. पण प्लास्टर काढल्यावर डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून बघतच राहिले. हाड जुळलं होतं, पण कच्चं आणि किंचित वाकडं. त्यांनी दादांना विचारलं, गोळ्या घेताय ना रोज? "घेतोय की," दादा खिडकीबाहेर बघत म्हणाले. मीही म्हणाले, घेतात, मीच आणून देते. वय झालं की असं होतं, म्हणून डॉक्टरांनी आणखी गोळ्या लिहून दिल्या.

रेवडी व्याली तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. भर दुपारी, सिस्टर खोक्याशेजारी पाटावर बसलेल्या, मी त्यांच्या हाताखाली आणि दादा दाराबाहेर. सिस्टरांनी त्यांनाही हात धुवायला लावले होते, पण आत घेतलं नाही. चार पिल्लं झाली. चारही जिवंत, चारही आईला लुचणारी. शेवटचं मादी पिल्लू इतकं बारकं की सिस्टर म्हणाल्या, हा तर तीळ. तेच नाव पडलं. दादांनी गल्लीत पेढे वाटले आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला "मुलगी सुखरूप आहे" असं सांगितलं. लोकांना वाटायचं, थट्टा करतात.

पिल्लांचे डोळे उघडले, ती धडपडत चालायला लागली. दूध ओढण्याचा त्यांचा जोर वाढला. चारही जण गुटगुटीत झाली, तीळसुद्धा. रेवडी मात्र वाळत चालली होती. बाळंतीण अशीच उतरते, दादा म्हणाले. सिस्टर येत्या रविवारी येऊन बघणार होत्या.

त्याआधीच, गुरुवारी, मी कामावरून आले तर दादा दारातच उभे होते. रेवडी त्यांच्या शालीत गुंडाळलेली, छातीशी धरलेली.

"थंडी वाजतीय हिला," ते म्हणाले. "मघापासनं कापतीय. पिल्लांजवळ जाईना."

मी शाल उघडली. अंग तव्यासारखं तापलेलं. जीभ बाहेर, डोळे कुठंतरी भलतीकडेच लागलेले आणि चारही पाय लाकडासारखे ताठ. थंडी नव्हती ती. आम्ही तसेच रिक्षात बसलो. जनावरांचे डॉक्टर गाय अडली म्हणून खेडेगावात गेलेले. कंपाउंडरनं त्यांना निरोप धाडला. मी शेजारच्या दुकानातून सिस्टरांना फोन केला, त्या आल्यासुद्धा, तरी डॉक्टर यायचे होते. तोपर्यंत झटके सुरू झाले होते. सिस्टर ओल्या फडक्यानं तिचं अंग पुसत होत्या. दादांनी तिचं डोकं तळहातावर धरलं होतं, टेबलावर आपटू नये म्हणून. एकेक झटका आला की त्यांचा वाकडा हातही तिच्याबरोबर हलायचा.

डॉक्टर आले ते धावतच. त्यांनी सुई लावली, कानाला नळी लावून, ठोके ऐकत एकेक थेंब औषध सोडलं. पाय सैल पडत गेले. मला वाटलं, उतरलं. मग डॉक्टरांनी नळी काढून गळ्यात टाकली आणि सुई बाहेर ओढली.

"रक्तातलं कॅल्शियम पार संपलं होतं," ते म्हणाले. "दुधावाटे गेलं सगळं. लहान जातीत होतं असं. हृदयानं दम धरला नाही."

दादांनी तिला परत शालीत गुंडाळलं. रिक्षात त्यांनी विचारलं. "कमी पडलं म्हणाले ना ते?" मी हो म्हणाले.  मागच्या अंगणात, पेरूच्या झाडाखाली दादांनी एका हातानं खड्डा खणला आणि मला कुदळीला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर पिल्लांच्या दुधाची पावडर आणि ड्रॉपर घेऊन आल्या. खोक्याजवळ बसून त्यांनी मला पाजायचं कसं ते दाखवलं. पिल्लू पालथं धरायचं, उताणं नाही, नाहीतर दूध छातीत जातं. दादा दारात उभे होते. रात्रभर झोपलेले नसावेत. एकदम म्हणाले,

"सिस्टर, तुम्ही नको म्हणाला होता. माहीत आहे मला. पण मी देत होतो तिला. माझ्याच गोळ्यांतल्या. रोज दोन, पोटुशी राहिल्यापासनं. खलबत्त्यात कुटून दहीभातातनं. वैजूला ठाऊक नाही, तिला बोलू नका." त्यांनी खोक्याकडे बघितलं. "तीन द्यायला पाहिजे होत्या. कमी पडल्या."

सिस्टरांनी हातातलं पिल्लू हळूच खोक्यात ठेवलं. दूध कोमटच असू दे, एवढं मला सांगितलं आणि उठल्या. मी त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेले. तिथं त्या थांबल्या.

"मी नुसतं नको म्हणून सांगितलं होतं. का, ते आज ऐक," त्या म्हणाल्या. "दूध तयार व्हायला लागलं की शरीर हाडांतून कॅल्शियम काढतं. त्याची त्याला सवय असते. आधीचे दोन महिने तू बाहेरून ओतत राहिलीस की ती सवय मोडते. मग चार पिल्लं ओढायला लागली की एकदम कुठून आणणार? कमी पडलं ते खरंच. पण का पडलं?"

मी फाटकाची कडी धरून उभी होते. मला सगळं समजलं आणि समजायला नको होतं असं वाटलं.

"तू सांगतेस का मी सांगू?"

मी म्हणाले, सांगायलाच हवं का? म्हातारा माणूस. कमी पडलं या समजुतीवर निदान रडता तरी येतंय त्यांना. राहू दे.

"आणि ती तीळ मोठी होईल तेव्हा? तिला चार देतील. प्रेमानं देतील." सिस्टरांचा आवाज चढला नाही. "त्या जिवांना तोंड नाही, वैजू. त्यांच्या वतीनं आपणच बोलायचं असतं, समोर कुणीही असो. ते जमत नसेल तर हा नाद सोड. माझा नर तुला परत मिळणार नाही."

त्या गेल्या. मला त्यांचा असा राग आला की त्यांनी आणलेलं दुधाचं पाकीट फेकून द्यावंसं वाटलं. पण आत पिल्लं भुकेनं ओरडत होती.

दिवस कसाबसा गेला. संध्याकाळी मी दिवा लावून मागच्या खोलीत गेले तर दादा मांडी घालून बसलेले, तिळाला ड्रॉपरनं दूध पाजत. पालथं धरलेलं, अगदी सिस्टरांनी दाखवलं तसं. मी शेजारी बसले. ते माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"निमाला आणायला गेलो होतो मी. सातवा संपला होता. घरात लग्न आहे, कामाला माणूस नाही, पुढल्या महिन्यात धाडतो म्हणाले ते. मी चहा प्यालो आणि परत आलो. ती दाराआड उभी होती. वाळली होती नुसती." त्यांनी तिळाच्या तोंडाला लागलेलं दूध पंच्यानं टिपलं. "झटके आले म्हणे. मी पोचलो तवा सगळं आवरलं होतं. तिथली नर्स म्हणाली, पोरीच्या अंगात काही नव्हतंच. तवा ठरवलं होतं, हिच्या बाबतीत तरी काय कमी पडू द्यायचं नाही."

ड्रॉपर रिकामा झाला होता. त्यांनी तो वाटीत बुडवला.

"तरी पडलंच," ते म्हणाले.

मी कदाचित तेव्हाही बोलले नसते. तिळानं तेवढ्यात त्यांच्या अंगठ्याला तोंड लावलं आणि चोखायला लागली, डोळे मिटून, अगदी भरवशानं.

"दादा," मी म्हणाले, "गोळ्या कमी नव्हत्या पडल्या. जास्त झाल्या."

मग सिस्टरांनी सांगितलेलं सगळं मी त्यांना सांगितलं. मी मधे थांबले नाही. ते ऐकत होते. अंगठा त्यांनी काढून घेतला नाही.

"म्हणजे मी हात आवरला असता तर जगली असती," शेवटी ते म्हणाले.

आता खोटं बोलायचं नाही असं मी ठरवलं.

"बहुतेक जगली असती."

त्यांनी मान हलवली. तिळाला भावंडांत ठेवलं, वर लुगड्याचा पदर ओढला. उठता उठेना, तेव्हा मी हात दिला. दारापाशी गेल्यावर ते वळले.

"मग निमाला काय झालं होतं?" त्यांनी मला विचारलं. "तिला तर कुणीच काही दिलं नव्हतं."

 

दादा त्यानंतर मागच्या खोलीत आले नाहीत. पिल्लं मी पाजली. दोन महिन्यांची झाल्यावर तीन पिल्लं आम्ही आधी बघून ठेवलेल्या घरी गेली, तीळ राहिली. ती दादांच्या पायात पायात घुटमळायची, ते तिच्या पाठीवरून हात फिरवायचे. पण स्वतःच्या हातानं त्यांनी तिला कधी पोळीचा तुकडाही घातला नाही. तिनं ताटाशी येऊन मान वर केली की मला हाक मारायचे, वैजू, हिला बघ. त्यांच्या गोळ्यांचं पाकीट फ्रिजवर पडून राहिलं. मी विनवलं, यांनी पुण्याहून येऊन दरडावलं, त्यांनी एक गोळी तोंडात घातली नाही. मनगट तसंच वाकडं राहिलं, तळवा पुरता उताणा होईना.

सिस्टरांनी मला पुन्हा नर दिला, पण तीळ दोन वर्षांची होऊन तिच्या गुडघ्याच्या वाट्या, कंबर, सगळं तपासून झाल्यावरच. दिवस राहिल्याचं मी दादांना सांगितलं तेव्हा ते बरं म्हणाले आणि फिरायला निघून गेले. ओटीचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही.

तीळ सकाळीच खोक्यात जाऊन बसली होती. सिस्टर पाटावर, मी शेजारी, दार लोटलेलं. पहिलं पिल्लू आलं, चिरकलं, आणि सिस्टरांनी त्याला पुसून आईच्या तोंडाशी धरलं. त्याच वेळी बाहेर नळ सुरू झाला. बराच वेळ पाणी वाजत होतं. मग बंद झालं आणि दार थोडंसं उघडलं.

दादा उंबऱ्याबाहेर उभे होते. बंडीचा खिसा त्यांनी उलटा करून बाहेर काढला होता. मी काही म्हणायच्या आत त्यांनी दोन्ही ओले हात पुढे केले. उजव्याचा तळवा वर झाला. डावा वळेना, म्हणून उजव्या हातानं धरून त्यांनी तो वळवला आणि मला दिसेल असा उजेडात धरला.

"बघून घे," ते म्हणाले. "काही नाही. येऊ का आत?"